दोन किलो सायट्रिक टाकूनही पीएच २ वर का येत नाही? ड्रिप आणि फवारणीसाठी ॲसिडचा हिशेब

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. विहिरीच्या पाण्याचा पीएच ८ आणि तपासणी अहवालात बायकार्बोनेट लिटरला ३६६ मिलिग्रॅम. ड्रिपला आजवर एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) सोडत होतो. सायट्रिक ॲसिड सेंद्रिय आहे, सौम्य आहे, त्याने मुळांना आणि पाइपला त्रास होत नाही असं ऐकलं, म्हणून २०० लिटरच्या ड्रममध्ये २ किलो सायट्रिक टाकलं. पीएच २.५ च्या खाली गेला नाही. त्याच पाण्यात ३०० मिलि एचसीएल टाकलं की पीएच थेट २. उलट जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) फवारणीला ड्रममागे ५० ग्रॅम सायट्रिक टाकतो, तर पीएच ६.४ वर अडतो आणि तासाभराने परत सातच्या पुढे जातो. मग सेंद्रिय ॲसिड मुळातच कमजोर असतं का?

तुम्ही दिलेले आकडे हिशेबात तंतोतंत बसतात. मीटर बरोबर आहे आणि सायट्रिकही भेसळीचं नाही. अडचण एवढीच की यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत: ॲसिड तीव्र की सौम्य, ते किती टाकलं, आणि पाण्यातला क्षार त्यातलं किती खाऊन टाकतो. पीएच मीटर या तिन्हींचा मिळून एकच आकडा दाखवतो, म्हणून गोंधळ होतो.

आधी शब्द सरळ करू. शाळेच्या पुस्तकात दोन जोड्या होत्या: तीव्र-सौम्य आणि संहत-विरल. संहत किंवा विरल म्हणजे पाण्यात ॲसिड किती आहे. तीव्र किंवा सौम्य म्हणजे आहे त्यातलं किती फुटून हायड्रोजन आयन मोकळा सोडतं. बाजारात या दोन्ही जोड्यांना सर्रास "कडक ॲसिड" म्हणतात. स्वयंपाकघरातलं ४ टक्क्यांचं व्हिनेगर घ्या. त्यात ॲसेटिक ॲसिडचे हजार रेणू असतील तर एका वेळी जेमतेम पाच फुटलेले असतात, बाकीचे अख्खे. तेच पाणी घालून पातळ करत गेलं की फुटलेल्यांचं प्रमाण वाढतं. लिटरला ६ ग्रॅमच्या द्रावणात हजारात १३ आणि त्याच्याही दहापट पातळ केल्यावर हजारात ४० च्या आसपास. एचसीएलचं असं नसतं. आपण वापरतो त्या पातळ द्रावणात त्याचे हजारच्या हजार रेणू फुटलेले असतात. सौम्य ॲसिडात फुटलेले आणि अख्खे यांचा तोल असतो. मोकळे आयन कोणी वापरले की अख्ख्यांतले आणखी फुटतात. हा राखीव साठा नीट लक्षात घ्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

हा तोल कुठे बसतो ते पीकेए या आकड्यावरून कळतं. पाण्याचा पीएच त्या ॲसिडाच्या पीकेएइतका असला की निम्मे रेणू फुटलेले असतात. पीएच त्याच्यावर एक अंकाने असला की दहात नऊ फुटलेले, आणि एक अंकाने खाली असला की अकरात एक. सायट्रिक तीन हायड्रोजन देऊ शकतं, म्हणून त्याचे तीन आकडे आहेत: ३.१३, ४.७६ आणि ६.४०. टार्टारिकचे साधारण ३ आणि ४.४, मॅलिकचे ३.४ आणि ५.१, ॲसेटिकचा ४.७६. फॉस्फोरिकचे २.१५, ७.२ आणि १२.३५. नायट्रिक, एचसीएल आणि सल्फ्युरिकचा पहिला हायड्रोजन यांचे आकडे शून्याच्याही खाली आहेत. त्यामुळे पाण्यात ही तिन्ही सारखीच पूर्ण फुटतात आणि त्यांच्या तीव्रतेतला आपसातला फरक पाण्यात दिसतच नाही. त्यातलं कुठलं घ्यायचं ते धातू, किंमत आणि हाताळणी बघून ठरवायचं.

इथे एक समज काढून टाकायला हवा. "खनिज ॲसिड तीव्र, सेंद्रिय ॲसिड सौम्य" ही वाटणी ढोबळ आहे आणि व्यवहारात फसवते. फॉस्फोरिक खनिज आहे, तरी ते सायट्रिकपेक्षा एकाच अंकाने तीव्र आहे. बोरिक खनिज आहे आणि ते व्हिनेगरपेक्षा कितीतरी सौम्य. हायड्रोफ्लुओरिक खनिज आहे, आयनीभवनाच्या, म्हणजे रेणू फुटण्याच्या, हिशेबात सौम्य आहे, आणि अंगावर पडलं तर जिवावर बेततं. उलट ऑक्झॅलिक सेंद्रिय असून त्याचा पहिला आकडा १.२५ च्या आसपास, म्हणजे फॉस्फोरिकहून तीव्र. खरं कारण रेणूच्या रचनेत आहे. हायड्रोजन निघून गेल्यावर मागे उरणारा ऋण भार किती ऑक्सिजन अणू वाटून घेतात ते बघायचं. नायट्रिक आणि सल्फ्युरिकमध्ये हायड्रोजन न चिकटलेले दोन ऑक्सिजन आहेत, तिथे भार छान वाटला जातो. फॉस्फोरिकमध्ये असा एक आहे, सेंद्रिय ॲसिडांच्या कार्बोक्झिल गटातही (ज्यातून हायड्रोजन सुटतो त्या भागात) एकच, म्हणून ती एकमेकांच्या जवळपास येतात. बोरिकमध्ये एकही नाही. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी हा ठोकताळा मांडला. अशा प्रत्येक ऑक्सिजनमागे पीकेए साधारण पाच अंकांनी खाली येतो. एचसीएलमध्ये ऑक्सिजनच नाही, त्याचं कारण वेगळं आहे, पण इथे त्यात शिरायची गरज नाही.

आता तुमच्या पाण्याकडे येऊ, कारण खरा खेळ तिथे आहे. काळ्या दगडातल्या विहिरी-बोअरना बायकार्बोनेट भरपूर असतो. ६१ मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट (ॲसिड आणि क्षार एकमेकांशी जुळवायचं माप), त्यामुळे तुमच्या ३६६ मिलिग्रॅमचे लिटरला ६ झाले. ॲसिडाचे पहिले ६ मिलिइक्विव्हॅलंट फक्त हा बायकार्बोनेट मारण्यात जातात. तोवर पीएच रेंगाळत उतरतो, कारण कार्बोनिक ॲसिडाचा पीकेए ६.३५ आहे आणि त्या भागात पाणी स्वतःच तोल धरून ठेवतं. तुमचा पीएच ६.४ वर का अडला ते आता दिसेल. ५० ग्रॅम सायट्रिकने निम्माच बायकार्बोनेट मेला, आणि निम्मा मेला की पीएच नेमका तिथेच येतो. तासाभराने तो परत का चढतो? मेलेल्या बायकार्बोनेटचा कर्बवायू पाण्यात विरघळून बसलेला असतो. ड्रम ढवळला, पंपाने पाणी फिरवलं की तो उडतो, आणि मागे उरलेला निम्मा बायकार्बोनेट पीएच वर खेचतो. ॲसिड कुठे नाहीसं झालेलं नाही. मात्रा अर्धी पडली होती, एवढंच.

तुमच्याच पाण्याचा हिशेब मांडतो. २०० लिटरचा पीएच ५.५ करायला सुमारे १,०५० मिलिइक्विव्हॅलंट लागतात. ३३ टक्क्यांच्या एचसीएलचा १ मिलि साधारण १०.५ देतो, म्हणजे १०० मिलि. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ७० मिलि, ५.५ ला त्याचा एकच हायड्रोजन कामाला येतो, दुसरा ७.२ पर्यंत अडकलेला असतो. सायट्रिक, स्फटिकातल्या पाण्यासकट जे मिळतं ते, ११० ग्रॅम. आणि ४ टक्क्यांचं व्हिनेगर पावणेदोन ते दोन लिटर. सायट्रिकचा आकडा पुन्हा बघा. ५.५ ला त्याचा प्रत्येक रेणू सरासरी दोन हायड्रोजन देऊन मोकळा होतो. इथे त्याला कमजोर म्हणायला जागाच नाही. पीएचचं लक्ष्य पीकेएच्या वर असेल तर सौम्य ॲसिडही आपल्याजवळचं जवळपास सगळं देऊन टाकतं.

आता लक्ष्य खाली न्या. पीएच ४ साठी एचसीएल लिटरला ०.६ मिलि आणि सायट्रिक सव्वा ग्रॅम, अजून फारसा फरक नाही. पीएच २ साठी एचसीएल १.५ मिलि, फॉस्फोरिक २.६ मिलि आणि सायट्रिक ४९ ग्रॅम! २०० लिटरला जवळजवळ १० किलो. कारण २ ला पोचेपर्यंत आपण सायट्रिकच्या पहिल्याच पीकेएच्या एका अंकाहून जास्त खाली उतरलेलो असतो, आणि तिथे शंभरातले सातच रेणू फुटतात. व्हिनेगरने २ गाठायचा विचारच सोडा. त्याला निम्मं पाणी आणि निम्मं शुद्ध ॲसेटिक लागेल. तुमचे २ किलो म्हणजे लिटरला १० ग्रॅम, त्याला २.५ हेच उत्तर बरोबर आहे. ४ किलो टाकले असते तरी २.३ च्या आसपासच थांबला असता.

म्हणून एचसीएलचा ड्रम जास्त कामाचा असं मात्र घाईने ठरवू नका. लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीतल्या बारीक ड्रिप नळीत, बसलेली पांढरी पपडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते १ ग्रॅम विरघळवायला २० मिलिइक्विव्हॅलंट लागतात, म्हणजे एचसीएलचे १.९ मिलि. तुमच्या ३०० मिलि एचसीएलमधून पाण्याने आपला वाटा खाल्ल्यावर जे उरतं, त्यात १०० ग्रॅमच्या आत पपडी विरघळेल. २ किलो सायट्रिकच्या ड्रमचा पीएच जास्त असूनही त्याची पोच कागदावर १ किलोपर्यंत जाते, कारण पपडी जसजशी मोकळे आयन वापरते तसतसे अख्खे रेणू फुटत जातात. पीएच म्हणजे खिशातली रोकड, एकूण आम्लता म्हणजे खात्यावरची शिल्लक. एचसीएल सगळं खिशात घेऊन फिरतं.

द्राक्षात तुम्ही हेच दर हंगामात बघता. वाईनसाठी आलेल्या रसाची आम्लता टार्टारिकच्या हिशेबात लिटरला ७ ग्रॅम आणि पीएच ३.४ असं अहवालात येतं. ७ ग्रॅमचे ९३ मिलिइक्विव्हॅलंट होतात, आणि पीएच ३.४ ला मोकळे आयन असतात फक्त ०.४. जिभेला जो आंबटपणा लागतो त्यात त्या बाकीच्या ९२.६ चा मोठा हात असतो. म्हणून वाईनरीत पीएच आणि आम्लता हे दोन आकडे वेगवेगळे मोजतात, आणि एकावरून दुसरा काढत नाहीत.

तर वापरायचं काय? हे तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे, सरसकट उत्तर देता येणार नाही.

फवारणीला सायट्रिक किंवा फॉस्फोरिक. एचसीएल इथे मी सुचवत नाही, आणि त्याचं कारण चुकीला जागा नसणं हे आहे. तुमच्या पाण्यात १०० मिलि एचसीएलने पीएच ५.५ येतो, आणि १३३ मिलिने थेट ३. टोपणाने माप घेणाऱ्या माणसाच्या हातून ३३ मिलिची चूक रोज होते. सायट्रिकने ५.५ वरून ३ वर जायला ११० ग्रॅमऐवजी पावणेसातशे ग्रॅम लागतात, म्हणजे मुठीने चुकलं तरी घडी विस्कटत नाही. जीएसाठी तर आयनीभवन दुहेरी महत्त्वाचं आहे, कारण जिबरेलिक ॲसिड स्वतःच एक सौम्य सेंद्रिय ॲसिड आहे, पीकेए ४. पान आणि मणी यांच्यावरच्या मेणातून त्याचा अख्खा, भार नसलेला रेणू सहज आत जातो. पीएच ७.५ ला दहा हजारांत तीनच रेणू अख्खे असतात, ५.५ ला शंभरात तीन. शंभरपट फरक. त्यात अल्कधर्मी पाण्यात जीए टिकतही नाही. म्हणून आधी पाणी ५.५ वर आणा, दहा मिनिटं ढवळून पुन्हा मोजा, मग जीए टाका. क्रम उलटा करू नका. आणि तेच आंबवलेलं पाणी कॉपरच्या औषधांना वापरू नका. आम्लात तांबं जास्त सुटतं आणि पानं करपतात. बोर्डोचं (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाचं) तर विचारूच नका, ते आम्लधर्मी राहता कामा नये.

ड्रिपला आधी पपडी कसली आहे ते बघा. शेवटच्या लॅटरलचा एक ड्रीपर कापून उघडा आणि आतल्या नागमोडी वाटेवर (चक्रव्यूहावर) पातळ एचसीएलचा एक थेंब सोडा. सर्रकन फेस आला तर कार्बोनेट, ॲसिडचं काम आहे. फेस नाही आणि बोटाला तपकिरी किंवा हिरवट बुळबुळ लागली तर ते शेवाळ, जिवाणू किंवा लोह. शेवाळाला क्लोरीन लागतं, ॲसिडाने ते हलत नाही. लोहाच्या तांबूस डागाला मात्र सायट्रिक चांगलं, कारण ते लोहाला धरून ठेवतं. हे आयनीभवनापेक्षा वेगळं कौशल्य आहे आणि एचसीएलकडे ते एवढं नाही. क्लोरीन किंवा ब्लीचिंग आणि कुठलंही ॲसिड एका टाकीत, एका पाइपात, एकापाठोपाठ एक कधीही नाही. विषारी क्लोरीन वायू सुटतो. मध्ये साध्या पाण्याने लाइन पूर्ण धुवा आणि दुसरा दिवस धरा.

फेस जोरात येत असेल तर एचसीएल किंवा फॉस्फोरिक. एचसीएल स्वस्त आणि झटपट आहे, पण पितळ, गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि स्टीलची जाळी खातं. व्हेंच्युरीच्या (लाइनमध्ये ॲसिड ओढून घेणाऱ्या नळीच्या) पुढे धातूचे भाग असतील तर फॉस्फोरिक बरं. फॉस्फोरिकची मेख अशी की पाण्यात कॅल्शियम जास्त आणि पीएच सहाच्या वर राहिला की कॅल्शियम फॉस्फेट बसतं, आणि ते मूळ पपडीपेक्षा चिवट. कमी मात्रेत फॉस्फोरिक सोडणं म्हणूनच न सोडण्यापेक्षा वाईट. सायट्रिकचंही असंच आहे: ते खर्ची पडून पीएच वर सरकला की कॅल्शियम सायट्रेट पांढरा गाळ होऊन बसू शकतं. वर १ किलोची पोच कागदावर आहे म्हटलं ते यासाठीच. सायट्रिक सोडलं तर रात्रभर लाइनमध्ये ठेवू नका. ऑक्झॅलिक जड पाण्यात लगेच गाळ धरतं, ते ड्रिपला नकोच. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक मात्रेला सगळ्यात स्वस्त, एका मिलिला एचसीएलच्या साडेतीनपट, पण पाण्यात टाकताना उकळी फुटण्याइतकं तापतं. ज्याला सवय नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मात्रा पुस्तकातून घेऊ नका, माझ्या वरच्या आकड्यांवरूनही नको. पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर वेगळं असतं. बादलीत करून बघा. मीटर ७ आणि ४ च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) जुळवा. प्लास्टिकच्या भांड्यात ९९० मिलि पाण्यात १० मिलि ॲसिड सोडा. नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी कधीच नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे घातलेले हवेत, वाऱ्याकडे पाठ. आता दुसऱ्या भांड्यात १ लिटर विहिरीचं पाणी घ्या आणि सिरिंजने हे पातळ द्रावण ५-५ मिलि सोडत जा. प्रत्येक वेळी ढवळा, अर्धा मिनिट थांबा, आकडा लिहा. दर ५ मिलि म्हणजे मूळ ॲसिडचे ०.०५ मिलि. तुमच्या पाण्याला एचसीएलचं असं द्रावण सुरुवातीला ५०-५५ मिलि घालेपर्यंत पीएच कुरकुरत उतरेल, आणि मग पुढच्या ५-१० मिलित धाडकन कोसळेल. तो कडा कागदावर दिसला की तुमच्या पाण्याचा क्षार किती ते प्रयोगशाळेत न जाता कळलं. सायट्रिकने तेच करा, १० ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवून. तिथे कडा सापडणार नाही, नुसता उतार मिळेल. तीव्र आणि सौम्य यातला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर या दोन रकान्यांसारखं दुसरं काही नाही.

ड्रिपसाठी मग झोनचा प्रवाह मोजा. तासाला १०,००० लिटर असेल तर १५ मिनिटांत २,५०० लिटर जातात. पीएच २ साठी लिटरला १.५ मिलि धरून पावणेचार लिटर एचसीएल, आधी दहापट पाण्यात पातळ करून व्हेंच्युरीतून. शेवटच्या लॅटरलचं टोक उघडून तिथल्या पाण्याचा पीएच मोजा, टाकीतला नाही. वाटेतल्या पपडीने ॲसिड खाल्लं असेल तर टोकाला ५-६ दिसेल, आणि टाकीत २ असूनही शेवटच्या वेलींच्या ड्रीपरला काहीच मिळालेलं नसेल. अशा वेळी मात्रा वाढवू नका, वेळ वाढवा आणि दोन दिवसांनी पुन्हा करा. काम झालं की आधी मेन, मग सबमेन, मग एकेक लॅटरल या क्रमाने टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. सुटलेली पपडी टोकाशी गोळा झालेली असते, आणि टोकं न उघडता पाणी चालू केलं की तीच परत ड्रीपरमध्ये जाऊन बसते.